पाळी सुटल्यावर घरी सुखरूप: कुंभवली नाक्यावरच्या सायकलवाल्यांसाठी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

भाग सुरू करायच्या आधी एक काम. तुम्ही आत्ता सायकलवर असाल आणि कानात हेडफोन असतील, तर बाजूला थांबा, हा भाग बंद करा आणि घरी पोचून ऐका. एक श्रोता कमी झाला तरी चालेल मला. सायकलला आरसा नसतो. मागून टँकर येतोय हे आपल्याला फक्त कानांनी कळतं, आणि तेच कान आपण बुजवून बसलोय.

तर आजचा विषय सायकल. पण रविवारी सकाळी टाइट कपडे घालून फिरायला निघतात ती सायकल नाही. आज बोलायचंय ते कामावर जायच्या सायकलबद्दल. हँडलला डबा, कॅरियरला रेनकोट, ती सायकल.

कुंभवली का?

कुंभवली म्हणजे बोईसरला लागून, तारापूर एमआयडीसीला खेटून असलेलं गाव. कुंभवली नाक्यावर पाळी बदलायच्या वेळी दहा मिनिटं उभं राहा. साधारण सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. एका बाजूनं पाळी सुटलेले, दुसऱ्या बाजूनं पाळीला निघालेले. कोण सायकलवर, कोण बाइकवर, कोण चालत, सहा आसनी रिक्षा माणसांनी भरलेल्या. आणि या सगळ्यांच्या मधून केमिकलचे टँकर, स्टीलच्या कॉइल घेऊन जाणारे ट्रेलर, कंटेनर. त्यातले बरेच चिल्हार फाट्याकडे, म्हणजे मुंबई-अहमदाबाद हायवेला जायच्या घाईत.

आता बघा, बाइकवाल्याला लायसन्स लागतं, ट्रकवाल्याला लायसन्स लागतं. सायकलवाल्याला काही लागत नाही. चांगलंच आहे ते, गरिबाचं वाहन आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की सायकल रस्त्यावर कशी चालवायची हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तोल सांभाळायला काका किंवा दादा शिकवतो, एकदा मागचा हात सोडतो, आणि शिक्षण संपलं! चाळीस टनांच्या ट्रेलरशेजारून कसं जायचं हे कुणी सांगत नाही. ते आज बोलू.

ट्रकची डावी बाजू

आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूनं पुढे घुसायचं नाही.

का? आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि उंचावर बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या दाराला लागून, आणि बंपरच्या अगदी पुढे, असा मोठा भाग असतो जो त्याला काचेतून दिसत नाही आणि आरशातही धड येत नाही. सायकलवाला नेमका तिथेच जाऊन उभा राहतो, कारण तिथे जागा मोकळी दिसते.

दुसरी गोष्ट, लांब गाडी वळते कशी. ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची पुढची चाकं लांबून वळसा घेतात, पण मागची चाकं त्याच मार्गानं येत नाहीत. ती आतून, कोपरा कापत येतात. त्यामुळे डावीकडे वळायचं असेल तर ड्रायव्हर आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. मागच्या सायकलवाल्याला वाटतं, अरे वा, साइड दिली! तो त्या फटीत शिरतो. आणि ती फट पुढच्या पाच सेकंदांत बंद होते. ड्रायव्हरला खाली काय झालं हे बऱ्याचदा कळतही नाही.

तर करायचं काय? ट्रकच्या मागेच थांबायचं, थोडं अंतर ठेवून. त्याला वळू द्यायचं, मग निघायचं. एक मिनिट जातं. आणि एक सोपी खूण सांगतो: त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय का? दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही आहात.

रस्त्यावर नेमकं कुठे?

डावीकडून, रहदारीच्या दिशेनं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी अर्धे लोक उलट दिशेनं येतात, कारण पुढच्या कटपर्यंत कोण जाणार. काहीजण म्हणतात, समोरून येणारी गाडी दिसते तरी. हिशेब करू. गाडी ५० च्या वेगात, तुम्ही १५ च्या. एकाच दिशेनं जात असाल तर फरक ३५ चा. समोरासमोर असाल तर बेरीज, ६५. ड्रायव्हरला विचार करायला जवळजवळ निम्माच वेळ मिळतो, आणि लागलं तर मारही त्या वेगाचा. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा बाइकवाला आधी उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही डावीकडून उगवलात तर त्याची नजर तिथे नसतेच.

आता डावीकडे म्हणजे किती डावीकडे? अगदी कडेला चिकटून नाही. कडेला खडी असते, डांबराची तुटलेली धार असते, गटाराची जाळी असते. त्या धारेवरून चाक खाली उतरलं आणि तुम्ही तसंच वर चढवायला गेलात की सायकल रस्त्याच्या आतल्या बाजूला आडवी होते, म्हणजे थेट गाड्यांखाली. म्हणून कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चालवा. सरळ रेषा महत्त्वाची. खड्डा आला की वळवळ करत चुकवणारा सायकलवाला मागच्या ड्रायव्हरला सगळ्यात धोक्याचा वाटतो. खड्डा लांबून बघा, मान वळवून मागे बघा, हात दाखवा, मग हळूच बाहेर या.

उभ्या रिक्षा आणि कारपासूनही हातभर लांब. कुणी न बघता दार उघडलं तर सायकलवाला दारावर आपटून रस्त्याच्या मध्ये पडतो. लागतं ते दारामुळे कमी, मागून येणाऱ्या गाडीमुळे जास्त.

दिसलात तर वाचलात

रात्री अकराला पाळी सुटते. अंगात निळा नाहीतर राखाडी युनिफॉर्म, सायकल काळी, काही ठिकाणी खांबावरचा दिवा बंद. पुन्हा थोडं गणित. ताशी ६० वेगानं येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. ड्रायव्हरनं बघायचं, पाय ब्रेकवर न्यायचा आणि गाडी थांबायची, यात ५० मीटरच्या आसपास अंतर जातं. गडद कपड्यातला माणूस डिपरच्या उजेडात दिसतो २५-३० मीटरवरून. म्हणजे त्यानं तुम्हाला बघितलं तेव्हाच उशीर झालेला असतो. बिचारा दारू प्यायलेला नसला, झोपेत नसला, तरीही!

रिफ्लेक्टर मात्र शंभर मीटरच्या पलीकडून चमकतो. एवढाच फरक, पण तो जीव वाचवणारा आहे. म्हणून मागे लाल रिफ्लेक्टर आणि शक्यतो लुकलुकणारा लाल दिवा, पुढे पांढरा दिवा. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर बदला. ते वरखाली हलतात, त्यामुळे हा सायकलवाला आहे हे मागच्याला पटकन ओळखू येतं. जुनी सायकल असेल तर मडगार्डवर आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना चमकणारी पट्टी चिकटवा. कारखान्यात रिफ्लेक्टर जॅकेट मिळालं असेल तर ते गेटवर काढून लॉकरमध्ये ठेवू नका, घरापर्यंत घालून या.

पुढच्या दिव्याऐवजी मोबाइलचा टॉर्च हातात धरून चालवणारे बघितलेत? एक हात ब्रेकवरून गेला, आणि मागच्याला तर तो टॉर्च दिसतच नाही.

पहाटेचंही तसंच आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रोडवर अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख, कॉम्प्युटरच्या चिपा डिझाइन करणारा जगप्रसिद्ध माणूस. सोबत्यांबरोबर पहाटे सायकल चालवत होते, मागून भरधाव कॅबनं धडक दिली. तो रस्ता रुंद, गुळगुळीत, दिव्यांचा. तरीही. रस्ता मोकळा असला की गाड्या जोरात असतात. म्हणून पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर निर्धास्त होऊ नका.

पाऊस

आपल्या पालघरात पाऊस म्हणजे चेष्टा नाही. जून ते सप्टेंबर सायकलचे नियमच बदलतात.

पहिलं, ब्रेक. ओल्या रिमवर रबर लगेच पकड घेत नाही. आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो, तोपर्यंत सायकल पुढे गेलेली असते. दांडीच्या ब्रेकवाल्या जुन्या सायकलींना हे जास्त जाणवतं. म्हणून पावसात अधूनमधून ब्रेक हलकेच दाबून रिम पुसत राहायचं, आणि समोरच्यापासून दुप्पट अंतर ठेवायचं.

दुसरं, साचलेलं पाणी. खाली खड्डा आहे की उघडं चेंबर, सांगता येत नाही. रोजचा रस्ता असला तरी कालच्या पावसानं काय केलंय ते तुम्हाला माहीत नसतं. शक्य असेल तर वळसा घ्या, नाहीतर उतरून हातात धरून चला. लाज वाटायचं कारण नाही.

तिसरं, घसरायच्या जागा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, टँकरमधून सांडलेलं ऑइल. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. तिथे ब्रेक मारू नका, हँडल वळवू नका, सरळ निघून जा. रेल्वेचे रूळ ओलांडायचे तर आडवे, काटकोनात. तिरके गेलात तर चाक फटीत अडकतं.

आणि छत्री! एका हातात छत्री, एका हातात हँडल, वरून वारा. रेनकोट घ्या. पण लांब पोंचो असेल तर तो मागच्या चाकात जात नाही ना, ते बघा.

सायकलची तपासणी: पाच मिनिटं

आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी.

हवा: टायर अंगठ्यानं दाबून बघा. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब फुटते आणि वळताना सायकल लचकते.

ब्रेक: दोन्ही. पुढचा ब्रेक तुटलाय म्हणून नुसत्या मागच्यावर चालवणारे खूप आहेत. पण ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, त्यामुळे खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मागचा एकटा दाबला तर चाक घासत जातं. दोन्ही एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. नुसता पुढचा खाडकन दाबलात तर मात्र डोक्यावरून पडाल.

चेन: ढिली चेन चढावर उभं राहून पॅडल मारताना उतरते आणि माणूस दांडीवर आदळतो. पँटची उजवी मोरी दुमडा किंवा रबर लावा. ओढणी, साडीचा पदर, गमछा, सगळं नीट खोचलेलं पाहिजे. मागच्या चाकात ओढणी गुंडाळली की गळ्याला फास बसतो. शाळेत सायकलनं जाणाऱ्या मुलींना हे घरात कुणीतरी सांगा.

डबा: हँडलला लोंबकळणारी पिशवी झुलत पुढच्या स्पोकमध्ये जाते, चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता. डबा कॅरियरला बांधा.

लहान मूल मागे बसवत असाल तर त्याचे पाय. मूल पेंगतं, पाय आत जातो, टाच स्पोकमध्ये सापडते. ही जखम फार वाईट असते, कातडी सोलून निघते, कधी हाडही मोडतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्या आणि पाय ठेवायला जागा करून द्या.

आणि सीट. आपल्याकडे सीट फार खाली ठेवतात, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मग गुडघा पूर्ण सरळ होतच नाही आणि वर्षभरात दुखायला लागतो. साधा उपाय: सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो बरोबर. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय मात्र करावी लागेल.

हेल्मेट घ्यायचं का?

कायद्यानं सायकलला हेल्मेटची सक्ती नाही. पण कायदा बाजूला ठेवू. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले ४० अभ्यास एकत्र करून मांडले, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती. हेल्मेट असेल तर डोक्याला गंभीर दुखापत होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. टँकरचं चाक अंगावरून गेलं तर हेल्मेट काही करू शकत नाही, हे खरं. पण खड्ड्यात पडून डोकं दुभाजकावर आपटतं, तिथे ते कामाला येतं.

सायकलचं हेल्मेट हलकं आणि हवेशीर असतं, बाइकचं वापरायची गरज नाही. भुवयांच्या वर दोन बोटं अंतर, पट्टा हनुवटीखाली बांधलेला, आत एखादं बोट जाईल इतका. टोपीसारखं मागे सरकवून घातलं तर कपाळ उघडंच. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबलेलं असतं.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा, फुकट ॲम्ब्युलन्स. पोलिसांसाठी ११२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान किंवा पाठ दुखत असेल तर त्याला उचलून रिक्षात कोंबू नका, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलवू नका. फक्त गाड्यांचा धोका असेल तर तेवढं सांभाळून बाजूला घ्या. डोक्याला मार लागलाय आणि माणूस म्हणतोय मी बरा आहे, तरी उलटी, गुंगी, बडबड किंवा वाढती डोकेदुखी असेल तर ताबडतोब हॉस्पिटल. जखम साधी असली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

मदत करायला घाबरू नका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूनं जखमीला मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि नाव सांगायची जबरदस्ती करता येत नाही.

पैशाचं काय? मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं योजना आणली. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमीला, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये, सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस. सायकलवालाही यात येतो. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हिट अँड रन योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. पण त्यासाठी पोलिसांत नोंद पाहिजे. "जाऊ दे, थोडंच लागलंय" म्हणून निघून गेलात तर हातात काही राहत नाही.

कामावर जाताना झालेला अपघात

हे शेवटी ठेवलं, कारण एमआयडीसीत फार कमी जणांना माहीत असतं. तुमच्या पगारातून ईएसआयसीची कपात होते का? पगाराची स्लिप बघा. २०१० मध्ये ईएसआय कायद्यात कलम ५१-ई आलं. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल, तर कामावरचाच अपघात मानला जातो. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

आणि ज्यांना ईएसआय नाही? मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराची केस आहे. पहाटे तीनची ड्यूटी. २२ एप्रिल २००३ ला तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून साधारण पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. घरच्यांनी भरपाई मागितली. विमा कंपनीचं म्हणणं, तो तर वाटेत होता, कामावर नव्हता. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २९ जुलै २०२५ ला कोर्टानं घरच्यांच्या बाजूनं निकाल दिला. नुकसानभरपाई कायद्यातही कामावर जाण्याची वाट कामाचाच भाग धरता येते. बावीस वर्षं लागली त्या कुटुंबाला. पण त्या निकालाचा आधार आज कुंभवलीच्या कामगारालाही आहे, तो कंत्राटी असला तरी.

म्हणून अपघात झाला तर त्याच दिवशी सुपरवायझरला किंवा कंत्राटदाराला लेखी कळवा. व्हॉट्सॲप मेसेज तरी टाका, वेळ आणि जागा लिहून. फोटो काढा, हॉस्पिटलचे कागद जपा, हजेरीची नोंद मागून घ्या.

अजून एक. सगळा भार सायकलवाल्यावर टाकून चालणार नाही. बंद पडलेला खांबावरचा दिवा, झाकण नसलेलं चेंबर, कडेला रात्रभर दिव्याविना उभे राहणारे ट्रेलर, हे आपण हेल्मेट घालून सुटणार नाही. फोटो काढा, खांबाचा नंबर टाका, ग्रामपंचायतीला आणि एमआयडीसीच्या कार्यालयाला लेखी द्या, पोच घ्या. पाच-दहा जणांच्या सह्या असतील तर अर्ज जरा जड होतो. कारखान्यात सेफ्टी कमिटी असेल तर तिथे विषय काढा की गेटच्या आत जेवढी काळजी घेता, तेवढी गेटबाहेरच्या पहिल्या पाचशे मीटरची घ्या.

चला, आजच्यापुरतं एवढंच. आज रात्री झोपायच्या आधी सायकलच्या मागे जाऊन मोबाइलचा टॉर्च मारून बघा, काही चमकतंय का. नसेल चमकत, तर उद्या पहिलं काम तेच. आणि रात्रपाळीला जाणारा कुणी मित्र असेल तर त्याला हा भाग पाठवा, पण सांगा, घरी बसून ऐक म्हणून. भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा!